उजव्या बाजूचा हत्ती

आमच्या गावच्या वाचनालयात प्रवासवर्णनांचं एक कपाट आहे. त्यातली बहुतेक पुस्तकं मी वाचली आहेत आणि त्यांतली एक गोष्ट मला नेहमी खटकत आली आहे. लिहिणारा हिमालयात जातो, युरोपात जातो, बायको बरोबर असते; पण पुस्तकात ती येते ती स्वेटर काढून देण्यापुरती. हे वर्णन त्या स्वेटर काढून देणारीनं लिहिलेलं आहे. तेव्हा जनावरं थोडी कमी सापडली तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

२००२ च्या ऑगस्टात आम्ही दोघं आफ्रिकेतल्या झांबिया देशात, लुआंग्वा नदीच्या काठच्या जंगलात पायी फिरून आलो. पायी म्हणजे खरोखर पायी. जीप नाही, जाळी नाही. पुढे एक बंदूकवाला आणि त्याच्या मागून आम्ही एका ओळीत, शाळेची सहल जाते तसे.

रुवैस

आधी आम्ही कोण ते सांगते. मी दापोली तालुक्यातल्या एका गावात बालवाडी चालवते. हे तेव्हा एकोणीस वर्षं अबूधाबीच्या पश्चिमेला, रुवैसला, रिफायनरीत नोकरीला होते. रुवैस म्हणजे एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला वाळू आणि मध्ये अष्टौप्रहर पेटलेल्या चिमण्या. ह्यांचं काम क्रेनवाल्याला हातानं खुणा करण्याचं. तिकडे त्याला सिग्नलमन म्हणतात. क्रेनवाला वर काचेच्या खोलीत, खाली यंत्रांचा एवढा गोंगाट की घसा फोडून उपयोग नाही. मग खालचा माणूस हात करतो आणि त्या हाताकडे बघून वरचा दहा-दहा टनांचे पाइप उतरवतो.

आफ्रिका आमच्या नशिबी आली ती सुपरमार्केटच्या सोडतीतून. पन्नास दिरहॅमच्या खरेदीवर, म्हणजे साडेसहाशे रुपयांवर, एक कूपन. ह्यांच्या खोलीत आठ जण, आठ जणांचं रेशन हेच आणायचे, त्यामुळे कूपनांचा गठ्ठा ह्यांच्या नावानं पेटीत पडला. पहिलं बक्षीस मोटार, दुसरं पाव किलो सोनं, तिसरं दोघांसाठी आफ्रिकेत पायी सफारी. आठ जण सोन्यावर डोळे लावून बसले होते आणि निघाली आफ्रिका. ह्यांनी मॅनेजरला विचारलं, "भाई, इसके बदले वॉशिंग मशीन नहीं मिलेगा?" तो म्हणाला नाही, बक्षीस दोघांचं आहे, तुम्ही आणि मॅडम. "मॅडम तो इंडिया में है." "तो बुलाओ ना हबीबी!"

अशी मी लग्नाला चोवीस वर्षं झाल्यावर पहिल्यांदा विमानात बसले.

बसले ती मनात दोन गोष्टी घेऊन. पहिली अशी की ह्यांचा करार पुन्हा दोन वर्षांनी वाढवायची वेळ आली होती. आफ्रिकेहून परतलो की सही करायची होती. शुक्रवारी तिकडे सुट्टी, तेव्हा ह्यांचा फोन यायचा. दर दोन वर्षांनी त्या शुक्रवारच्या फोनवर हे विचारायचे, "काय करू गं, सही करू?" आणि मी म्हणायची, "तुम्हाला योग्य वाटेल तसं करा." आधी घर बांधायचं होतं, मग मुलीचं लग्न, मग मुलाचं शिक्षण. आता घर उभं होतं, मुलगी सासरी होती, मुलगा पुण्यात नोकरीला लागला होता. या खेपेस मी ठरवलं होतं की स्पष्ट म्हणायचं: आता पुरे, घरी या. वाक्य चार शब्दांचं. मी ते मुंबईपासून अबूधाबीपर्यंत मनात घोकत होते.

दुसरी गोष्ट माझा उजवा कान. चार वर्षांपूर्वी तापात तो गेला. चिपळूणच्या डॉक्टरांनी सांगितलं की नस मेली आहे, आता उपाय नाही. हे मी ह्यांना कळवलं नाही. त्यात माझा काही मोठेपणा नव्हता, आमच्याकडे पद्धतच तशी. हे पहिल्यांदा गेले तेव्हा सासूबाईंनी मला समोर बसवून बजावलं होतं, "त्याच्या डोक्यावर लोखंड लोंबकळत असतं. त्याचं चित्त उडेल असं काही तिकडे कळवायचं नाही." गावातल्या ज्या ज्या घरचा माणूस आखातात आहे त्या त्या घरी हाच कायदा. फोनवर सगळं ठीक असतं. खरोखर वाईट झालं तर 'सीरियस आहे, निघून या' असा निरोप जातो, आणि तो ऐकला की तिकडच्या माणसाला कळतं की सगळं आटोपलेलं आहे.

फोन डाव्या कानाला लावला की झालं. सुट्टीवर आले की मी ह्यांना डाव्या हाताला ठेवायची. दोन सुट्ट्या मी अशा निभावल्या.

रुवैसला आम्ही मोनिकाताईंकडे चार दिवस उतरलो. या वसईच्या, त्यांचे यजमान रिफायनरीच्या ऑफिसात, म्हणून त्यांना फॅमिली फ्लॅट. त्यांनी मला नवीन माणूस असं एक मिनिटही वाटू दिलं नाही. सफारीच्या कागदावर लिहिलं होतं की खाकी किंवा मातकट कपडे, निळा आणि काळा चालणार नाही, त्या रंगांवर तिकडच्या माश्या येतात. माझ्याकडे पाच साड्या, त्यातल्या तीन निळ्या.

"साडीत पळणार कशी तू?" मोनिकाताई म्हणाल्या. "भावजींचा साइटचा युनिफॉर्म घाल. खाकीच आहे. मी पँट उंचीला कमी करून देते."

त्यांच्या मुलीनं आपले बूट दिले आणि मला त्या वेषात पाहून म्हणाली, "आँटी, यू लुक सो कूल!" ह्यांनी मात्र नुसतं वरपासून खालपर्यंत पाहिलं. शर्टाच्या खिशावर ह्यांचा नंबर शिवलेला होता. "माझी हजेरी लागेल तुझ्यावर," असं म्हणून हे हसत बाहेर गेले. कितीतरी वर्षांनी हे माझ्याकडे बघून असे लाजले.

नदीकाठची छावणी

विमानं किती बदलली ते सांगत बसत नाही. शेवटचं विमान आमच्या एसटीपेक्षा लहान होतं, एवढं पुरे. छावणी म्हणजे गवतानं शाकारलेल्या सहा झोपड्या, कुडाच्या भिंती, समोर आटलेली रुंद नदी आणि त्या पाण्यात बसलेले पाणघोडे. त्यांचं हसणं आमच्या गावच्या सरपंचांसारखं आहे, खालून सुरू होऊन पोटात घोटाळत राहणारं. झोपड्या बघून मला हसूच आलं. जन्मभर राबून आम्ही कुडाचं घर पाडून चिऱ्याचं बांधलं आणि इथे लोक पैसे भरून कुडात राहायला येतात.

आमच्याबरोबर एक वयस्कर इंग्रज जोडपं होतं, डोरोथीबाई आणि त्यांचे यजमान. वाटाड्या जोसेफ, चाळिशीचा, अतिशय हळू बोलणारा. बंदूकवाले बांदा काका. आमच्या सावंतवाडीजवळ बांदा नावाचं गाव आहे हे मी त्यांना जोसेफकरवी सांगितलं, तेव्हा त्यांनी गंभीरपणे विचारलं की तिथे हत्ती आहेत का. मी म्हटलं, आंबे आहेत. त्यांना ते फारसं पटलेलं दिसलं नाही.

पहिल्या संध्याकाळी जोसेफनं आम्हाला चहाला बसवून विचारलं, कुणाला काही त्रास? हृदय, गुडघे, डोळे, कान? लाजू नका, मला सगळं माहीत असायला हवं. त्यावर डोरोथीबाईंनी लग्नपत्रिका वाचावी तशी यादी वाचली. माझ्या यजमानांच्या कमरेत स्क्रू आहे. माझ्या दोन्ही कानांत यंत्र आहे, हे बघा. यजमानांना रक्तदाब आहे आणि ते गोळी विसरतात. त्यांच्या नवऱ्यानं मान डोलावून आणखी दोन दुखणी जोडली. मी थक्क होऊन ऐकत होते. परक्या माणसापुढे कुणी असं सगळं उघडं करतं?

मग जोसेफ माझ्याकडे वळला. ह्यांनी भाषांतर केलं, "विचारतोय, तुला काही त्रास?"

"नो प्रॉब्लेम," मी म्हटलं.

खोटं बोलते आहे असं तेव्हा मनातही आलं नाही. समोरून प्रश्न आला आणि शुक्रवारच्या फोनवरचं उत्तर तोंडातून बाहेर पडलं.

पहिले दोन दिवस

आफ्रिकेत थंडी असते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहाटे दात वाजत होते आणि हे कुरकुरत होते, "रुवैसला आता पंचेचाळीस असेल." मी पिशवीतून स्वेटर काढून दिला. घ्या, आला स्वेटर.

चालायचा क्रम ठरलेला. पुढे बांदा काका, मग जोसेफ, मग इंग्रज जोडपं, मग मी, माझ्या मागे हे, आणि शेवटी चहाचं सामान डोक्यावर घेतलेला माणूस. बोलायचं नाही. पायाखाली बघायचं, पुढच्याच्या पाठीकडे बघायचं. जीपमधून जनावर दिसतं तेव्हा आपण बघणारे असतो. पायी असलं की जनावरही आपल्याला बघतं. पुकू नावाची तांबूस हरणं माना वर करून आमच्याकडे पाहत उभी राहिली, तेव्हा कुणाच्या तरी अंगणातून न विचारता चालल्यासारखं मला वाटलं.

गोरखचिंचेचं झाड दिसलं तेव्हा मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. आमच्या बंदराजवळ तसंच एक आहे, आठ माणसांच्या कवेत न मावणारं. इथल्या झाडाचं खोड हत्तींनी सुळ्यांनी खरवडलेलं होतं. मी हात लावून पाहिलं. तीच गार, जाड साल.

दुसऱ्या दिवशी माझी मान उंचावली ती शेणामुळे. वाटेत हत्तीची लीद पडली होती. जोसेफनं सगळ्यांना विचारलं, ही किती वेळापूर्वीची असेल? डोरोथीबाईंनी चष्मा लावला. हे दोन पावलं मागे सरले. मी खाली बसले आणि सरळ हात आत घातला. जन्मभर गोवऱ्या थापणाऱ्या बाईला त्यात काय?

"आत गरम आहे," मी म्हटलं. "तास झाला नसेल."

"अगं, हात! हात!" हे हळू आवाजात ओरडले. पण बांदा काकांचा चेहरा असा खुलला की बास. त्यांनी स्वतःही हात घातला, माझ्याकडे बघून मान हलवली आणि तेव्हापासून मला 'मामा' म्हणू लागले. म्हणजे त्यांच्याकडे आई. ह्यांनी मात्र मला तीनदा साबण लावायला लावला.

जेवण आमच्यासाठी इंग्रजी असायचं, उकडलेलं आणि सोज्वळ. पण छावणीच्या मागून वेगळाच वास यायचा. मी स्वयंपाक्याकडे गेले. मक्याच्या पिठाची घट्ट उकड, तिला ते एनशिमा म्हणतात, आणि शेंगदाण्याचं कूट घातलेली पालेभाजी. हातानं गोळा करायचा, भाजीत बुडवायचा. मी तिथेच पाटावर बसल्यासारखी बसले. थोड्या वेळानं हेही आले. आम्ही दोघं एका थाळीत जेवलो. घरी सुट्टीवर आले की ह्यांना मी चांगल्या ताटात वाढते, पाहुण्यासारखं, आणि आपण नंतर जेवते. ते त्या थाळीवर माझ्या लक्षात आलं आणि मी जेवायची थांबले. बोलायचं होतं ते तेव्हाच बोलले असते तर बरं झालं असतं. "पाणी देऊ?" ह्यांनी विचारलं. मी म्हटलं, "नको, ठीक आहे."

तिसरा दिवस

त्या सकाळी आम्ही एका कोरड्या ओढ्याच्या पात्रातून चाललो होतो. डाव्या हाताला उंच मातीची दरड आणि तिच्यावर वेडे राघू. आपल्याकडचे हिरवे असतात, हे कुंकवासारखे लाल. शेकड्यांनी. मी भान हरपून बघत राहिले आणि बघता बघता ओळ सोडून दरडीच्या दिशेनं दोन पावलं गेले.

मागे काय झालं ते मला नंतर कळलं. उजवीकडच्या झुडपांतून एक हत्तीण बाहेर आली होती, पायांत पिल्लू. जोसेफनं हात वर केला होता, सगळे थिजले होते, मग हळूहळू मागे सरकू लागले होते. ह्यांनी माझ्या उजव्या खांद्यामागून दबक्या आवाजात हाक मारली, "अगं थांब." मग पुन्हा. मग तिसऱ्यांदा. हातभर अंतरावरून.

मी आणखी एक पाऊल टाकलं.

मग उजवीकडे काहीतरी हललेलं डोळ्याच्या कोपऱ्यात दिसलं आणि मी मान वळवली. हत्तीण कान पसरून आमच्याकडे येत होती. एवढं मोठं जनावर इतक्या वेगानं येतं आणि तरी त्याच्या पायांचा आवाज होत नाही. कुणीतरी माझी कॉलर धरून मागे ओढलं आणि मी ह्यांच्या अंगावर पडले. बांदा काका पुढे झाले, बंदुकीच्या दस्त्यावर त्यांनी थाप मारली आणि खणखणीत आवाजात काहीतरी दरडावलं. हत्तीण वीस पावलांवर थांबली. सोंड झटकली. पिल्लू तिच्या पोटाखालून आम्हाला पाहत होतं. मग ती वळली आणि झुडपांत शिरली.

ती दिसेनाशी झाली तरी ह्यांनी माझ्याभोवतीचे हात सोडले नाहीत.

छावणीत परतल्यावर जोसेफनं मला विचारलं, "मामा, तुम्हाला ऐकू आलं नाही का?"

मी तोंड उघडलं. पुन्हा तेच दोन शब्द येणार होते. पण हे मध्येच म्हणाले, "मी तीनदा हाक मारली गं. तीनदा."

मग मी सांगितलं. उजवा कान, चार वर्षं.

जोसेफ रागावला नाही. तो एवढंच म्हणाला की पहिल्या दिवशी मी विचारलं होतं. मी सगळ्यांचे जीव सांभाळतो, खोटं सांगितलंत तर कुणाचाच सांभाळता येत नाही. उद्या तुम्ही चालायचं नाही. मला बालवाडीतल्या मुलासारखं कोपऱ्यात उभं केल्यासारखं झालं, आणि ते योग्यच होतं.

झोपडीत हे पलंगाच्या कडेवर बसले.

"चार वर्षांत मी दोनदा येऊन गेलो."

"हो."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुमच्या डोक्यावर लोखंड असतं."

"खलास ते लोखंड!" हे पहिल्यांदाच आवाज चढवून बोलले. मग उठून माझ्या डाव्या बाजूला येऊन बसले आणि हळू म्हणाले, "आणखी काय काय नाही सांगितलंस?"

मी सांगत गेले. विहिरीची एक बाजू ढासळली होती ते. धाकट्याला टायफॉइड झाला आणि बारा दिवस आम्ही दवाखान्यात होतो ते. शेवटी सासूबाईंचंही सांगितलं. शेवटचं वर्षभर त्यांना कुणाचीच ओळख राहिली नव्हती. दर शुक्रवारी त्या फोनवर "मी बरी आहे रे बाबा, तू जप," म्हणायच्या, ते वाक्य मी त्यांच्याकडून गुरुवारी पाठ करून घ्यायची.

हे रडले. मी ह्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. आई गेल्यावरही नाही, कारण तेव्हा हे तिसऱ्या दिवशी पोचले आणि घरात माणसं होती. मी पाठीवर हात ठेवून बसून राहिले.

"माझंही आहे," थोड्या वेळानं हे म्हणाले. "मी सांगायचो ना, आज बिर्याणी होती, मजा आहे? फोन ठेवला की मी बूथमध्ये तसाच बसून राहायचो. बाहेरचा माणूस काच ठोठावायचा, यल्ला, यल्ला, म्हणजे आटप. तेव्हा उठायचो."

बाहेर पाणघोडे हसत होते. आता बोलून टाकावं असं मला वाटलं. पण ज्या माणसाला एका दुपारी एवढं सगळं ऐकवलं त्याच्याकडे आणखी काही मागायचा धीर मला झाला नाही.

चौथा आणि पाचवा दिवस

चौथ्या दिवशी मी छावणीत बसले. हेही गेले नाहीत. सकाळी बाकीचे परतल्यावर हे जोसेफकडे गेले आणि आपल्या साइटच्या इंग्रजीत म्हणाले, "बॉस, माय जॉब, नो साउंड, ओन्ली हँड. नाइन्टीन इयर, नो अ‍ॅक्सिडेंट. शी कॅन सी व्हेरी गुड."

जोसेफनं दोघांना मोकळ्या जागेत उभं केलं. मध्ये चाळीस पावलांचं अंतर. ह्यांनी खुणा करायच्या, मी त्याप्रमाणे वागायचं. थांब. हळू पुढे. डावीकडे सरक. खाली बस. तासभर कवायत चालली. डोरोथीबाई खुर्ची घेऊन बघायला बसल्या. मी एकदाच चुकले, आणि तेही हे इतके गंभीर दिसत होते की मला हसू फुटलं म्हणून. बांदा काकांनी जोसेफला काहीतरी सांगितलं. जोसेफ म्हणाला, "ते म्हणतात, मामाला घेऊन चला. हा माणूस काम जाणतो."

पाचव्या दिवशी क्रम बदलला. आता हे माझ्या पुढे. ह्यांचा उजवा हात पाठीशी, आणि माझी नजर त्या हातावर. चार तास आम्ही अवाक्षर बोललो नाही आणि चार तास हे माझ्याशी बोलत होते. पंजा उघडला की थांबायचं. बोटं खाली झुकली की हळू. एकदा वाटेत काटेरी फांदी होती, तर त्या हातानं मला ती कुठून ओलांडायची तेही दाखवलं. घरी दोघं असताना आम्ही एवढं कधी बोललो नव्हतो.

नदीच्या वळणावर पंजा उघडला, मग खाली आला. आम्ही सगळे गवतात बसलो. समोरून हत्ती नदी ओलांडत होते, नऊ मोठे आणि एक अगदी लहान. लहानग्याचं डोकं पाण्यात बुडायचं, फक्त सोंडेचं टोक वर. एक हत्तीण त्याला मागून ढोसत होती. तो पलीकडे चिखलात चढला, घसरला, पुन्हा चढला. ह्यांनी मागे न बघता माझ्याकडे हात केला. मी तो धरला.

त्या संध्याकाळी, शेवटच्या, सूर्य नदीत उतरत असताना आम्ही काठावर बसलो होतो. मी ह्यांना बाकीच्या खुणा विचारत होते. उचल कसं सांगता? वळव कसं? हे उत्साहानं दाखवत होते. आपलं काम समजून घ्यायला एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच कुणी आलं होतं.

"आणि काम संपलं, हे कसं सांगायचं?"

ह्यांनी दोन्ही हात छातीपाशी आणून एकमेकांत घट्ट धरले. "हे. काम खलास. हे दिसलं की क्रेनवाला इंजिन बंद करून खाली उतरतो. घरी जातो."

मी माझे दोन्ही हात छातीपाशी आणले. एकमेकांत धरले. ह्यांच्याकडे बघितलं.

"हां, बरोबर," हे म्हणाले.

मी हात सोडले नाहीत.

"जमलं गं. बरोबर आहे."

तरी मी सोडले नाहीत. माझे डोळे भरून आले होते आणि मला ह्यांचा चेहरा नीट दिसत नव्हता, पण ह्यांना समजलं ते मला कळलं, कारण ह्यांनी आपले हात मांडीवर ठेवले.

"मला सांगतेस?"

मी मान डोलावली.

हे नदीकडे वळून म्हणाले, "दर वेळी मी विचारायचो. सही करू का, म्हणून. आणि तू म्हणायचीस, तुम्हाला वाटेल तसं. मला वाटायचं, हिचं माझ्याशिवाय चाललंय. नीट चाललंय. आता मी मध्ये येऊन काय करू? तू कधी बोलावलंच नाहीस गं."

मला वाटायचं, ह्यांना तिकडेच बरं वाटतं. तेही मी त्याच संध्याकाळी सांगून टाकलं.

पुन्हा रुवैस

परतल्यावर दुसऱ्याच दिवशी हे ऑफिसात गेले. मलाही बरोबर नेलं, का ते सांगितलं नाही. मी टेबलाशेजारच्या खुर्चीत, ह्यांच्या उजव्या हाताला बसले, म्हणजे माझा चांगला कान ह्यांच्याकडे. क्लार्क केरळचा, ह्यांच्या ओळखीचा. त्यानं करार वाढवायचा कागद पुढे सरकवला. ह्यांनी तो परत केला आणि नोकरी सोडण्याचा फॉर्म मागितला.

क्लार्कनं पेन उचललं. फॉर्मवर एक रकाना होता, कारण.

"क्या लिखूँ?"

"लिखो, घरसे बुलावा आया है."

क्लार्कचं पेन थांबलं. त्याचा चेहरा उतरला. माझ्याकडे त्यानं चोरून पाहिलं, आवाज खाली आणला आणि विचारलं, "क्या हुआ भाई? कौन सीरियस है?"

"कोई नहीं," हे म्हणाले. "सब ठीक है. बीवीने बुलाया है."

क्लार्कनं ते तसंच इंग्रजीत लिहून घेतलं आणि सही कुठे करायची ते दाखवलं.